तिसऱ्यासाठीचा अर्ज

३ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीला कुत्रं हवं आहे. सकाळी चहा ओतता ओतता तिने ही बातमी फोडली. बातम्या फोडणं हा या घरात माझा प्रांत असल्यामुळे ती मला जरा जास्तच लागली. बरं, साधं कुत्रं नाही. टॉय पूडल, तेही उत्तम कुळातलं.

“का?” मी विचारलं.

“आवडतं म्हणून.”

“परवापर्यंत तर आवडत नव्हतं.”

“परवा तू इथे कुठे होतीस?”

परवा आणि काल मी पुलाच्या चौकशी समितीमागे गेले होते, हे खरं. तथापि कुत्र्याची आवड दोन दिवसांत उपजत नाही, हेही खरं.

अकरा वर्षं आम्ही दोघी बहिणी या तीन खोल्यांत राहतो. ती कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, मी वर्तमानपत्रात. दोघींचाही धंदा लोकांच्या तोंडी काहीतरी घालण्याचा. तिचं लग्न मोडलं, माझं झालंच नाही. आमचे वडील संस्कृतचे शिक्षक होते. त्यांच्या भाषेत सांगायचं तर आमचा द्वंद्व समास झाला, दोन्ही पदं सारख्याच महत्त्वाची. या समासात आणखी एक पद, तेही चतुष्पाद, कुठे बसवायचं याचा नियम मला आठवत नाही.

काही घडलं तरच या वहीत लिहायचं, हा मात्र माझा जुना नियम आहे. आज घडलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

विरोध करायचा तर माहितीनिशी करावा, म्हणून दुपारभर फोन केले. दोन पशुवैद्य आणि एका श्वानसंघटनेचे चिटणीस. चिटणीस इतके बोलले की मधल्या वेळात मी एक अख्खं टिपण लिहून संपादकांकडे पाठवलं.

‘टीकप’ नावाची पूडलची कुठलीही जात नाही. तो दुकानदारांचा अलंकार आहे, आणि जो हा शब्द उच्चारेल त्याच्या दारातून माघारी फिरावं. अतिलहान पिल्लाची साखर झटकन उतरते, हाडं उडीसरशी मोडतात. आई आणि बाप दोघांच्याही गुडघ्याच्या वाट्या नि डोळे तपासल्याचे कागद मागावेत. आईला प्रत्यक्ष भेटावं. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो तो काहीतरी लपवत असतो. इतकं लहान पिल्लू बारा आठवड्यांचं झाल्याशिवाय घरी आणू नये. केस गळत नाहीत, पण म्हणूनच गुंततात. रोज विंचरायचे, दर सहा आठवड्यांनी कापून घ्यायचे. शेवटचा मुद्दा चिटणिसांनी दोनदा सांगितला. “या जातीला एकटेपण सोसत नाही हो. घरात माणूस लागतं.”

संध्याकाळी हे सगळं धाकटीला वाचून दाखवलं. शेवटच्या मुद्द्यावर विशेष भर दिला.

“दिवसभर तू कवळ्या घासणार. त्या बिचाऱ्याला एकटेपण सोसेल का?”

“सोबत नेईन. आमच्या साहेबांनी हो म्हटलंय.” मग पेला विसळत म्हणाली, “आणि एकटेपण कुणाला सोसतं गं, ताई?”

विधान सर्वसामान्य स्वरूपाचं असल्यामुळे मी टिपणाची घडी घातली. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि भांडी आवरायला घेतली. असे गोल ती नेहमी काढते. दुधाचे असावेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी घरी आणि धाकटी बाहेर. असं कधी होत नाही. रविवार आमचा असतो: गच्चीत दोन खुर्च्या, मी बाहेरगावची वर्तमानपत्रं वाचून दाखवणार, ती त्यातल्या मंत्र्यांचे दात कुठल्या छटेचे आहेत ते सांगणार.

ती गेली होती पूडल पाळणाऱ्या बाईंकडे. बाई प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या परिचारिका आहेत, आठ पूडल बाळगून आहेत, वर्षातून फार तर एकदा पिल्लं होऊ देतात. सध्या चार आठवड्यांची तीन आहेत. त्यांना त्या नावं देत नाहीत, जन्मक्रमाने हाक मारतात: पहिली, दुसरी, तिसरा. आणि ज्याला पिल्लू हवं त्याने चार रविवार येऊन मोठी कुत्री विंचरून द्यायची, असा बाईंचा दंडक आहे.

“म्हणजे बिनपगारी नोकर,” मी म्हटलं.

“म्हणजे माणूस कळतं,” धाकटी म्हणाली. तिच्या साऱ्या अंगाला कुत्र्यांचा वास येत होता, आणि ती गुणगुणत होती. अकरा वर्षांत मी तिचं गुणगुणणं ऐकलेलं नाही.

मी बाईंना ‘कुलगुरू’ ही पदवी देऊन टाकली. कूळही त्यांचंच, गुरुत्वही त्यांचंच. धाकटीला हसू आलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दौऱ्यावर. धरणाच्या कालव्याची बातमी. विश्रामगृहातून फोन केला तर धाकटीला बोलायला सवड नव्हती.

“मावशींनी मला नखं कापायला शिकवली, ताई! आणि तिसरा आहे ना, तो सरळ माझ्या बाहीत शिरून झोपला.”

मावशी! आम्हाला सख्ख्या दोन मावश्या होत्या, आणि दोघींशीही हिचं पटलं नाही. ही तिसरी दोन रविवारांत झाली.

कालव्याची बातमी फार कठोर लिहिली. अभियंत्यावर थोडा अन्याय झाला असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पडताळणी हा माझ्या व्यवसायाचा धर्म आहे. बहीण भोळी आहे, तेव्हा चौकशी करणं माझं कर्तव्यच, असं ठरवून आज कार्यालयातल्या फोनवरून कुलगुरूंना फोन लावला. नाव सांगितलं नाही. आवाज जरा लाडिक केला.

“मला किनई, अगदी मुठीत मावेल असं टीकप पिल्लू हवंय. सहा आठवड्यांचं असलं तरी चालेल. कागद नसले तरी चालतील. आजच्या आज मिळेल का?”

“मुठीत मावेल असं हवं असेल तर लिंबू घ्या,” कुलगुरू म्हणाल्या.

मी गडबडले. “तथापि, इतर लोक तर देतात...”

“मग इतरांकडे जा.” फोन बंद.

समोरच्या टेबलावर छायाचित्रकार बसला होता. “कुणाला लाडीगोडी लावत होतात?” त्याने विचारलं. मी म्हटलं, एका सूत्राला.

परीक्षेत बाई पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कालही दौऱ्यावर. परत आले तर टेबलावर एक अर्ज. कुलगुरूंचा नियम असा की घरातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने अर्ज भरायचा, आणि एकालाही पिल्लू नको असेल तर ते त्या घरी जाणार नाही. म्हणजे माझ्या सहीवाचून सगळं अडलं आहे. ही सत्ता मिळेल अशी कल्पना नव्हती.

तीन प्रश्न. तुम्हाला कुत्रं का हवं आहे? घरी किती असता? आणखी काही सांगायचं आहे?

“वाचून भरते,” मी म्हटलं.

“तीनच ओळी आहेत, ताई.”

“म्हणूनच. छोट्या दस्तऐवजांत मोठे घोटाळे असतात.”

शेवटी तिच्या समोरच भरला. पहिल्याला लिहिलं, बहिणीची इच्छा. दुसऱ्याला, बहुतेक रविवारी. तिसरा कोरा. धाकटीने अर्ज वाचला, दुसऱ्या उत्तराशी थोडी थांबली, आणि आधीच स्वच्छ असलेला कप पुन्हा धुवायला उठली.

२ मार्च, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

आज धाकटीचा चौथा रविवार, म्हणून तिच्याबरोबर मीही गेले. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरून गल्लीच्या टोकाचं घर. पुसता येईल अशी फरशी, कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा, भिंतीवर तीन पिढ्यांचे तक्ते.

“या. खालीच बसा,” कुलगुरू म्हणाल्या. “खुर्च्या कुत्र्यांच्या आहेत.”

बाई ठेंगण्या, रुंद, बाह्या वर दुमडलेल्या. त्यांनी माझा अर्ज वाचला. “‘बहुतेक’ म्हणजे किती? वार्ताहर ना तुम्ही? आकडा लिहायचा.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पिल्लांची आई येऊन माझे बूट हुंगून गेली, शांत, सुदृढ. धाकटीने तिसऱ्याला उचललं. जर्दाळूच्या रंगाचा, सात आठवड्यांचा, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. अंगठ्याने त्याचा ओठ वर करून ती म्हणाली, “बघ ताई, वरचे दात खालच्यांवर कसे कात्रीसारखे बसतात. इतका सुरेख जबडा मी आयुष्यात केला नाही.” तिचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे तक्ते होते. मी कागद मागितले. गुडघे, डोळे, लसी, सगळं चोख.

“सगळं ठीक आहे,” मी म्हटलं. “तथापि, बापाच्या डोळ्यांचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा दिसतो.”

‘तथापि’शीच कुलगुरूंचा हात कंगव्यावर थांबला होता.

“लिंबू मिळालं का, बाई?”

धाकटी म्हणाली, “कसलं लिंबू?”

मग कुलगुरूंनी सगळं सांगितलं, कुठेही तिखटमीठ न लावता. तीन वाक्यांत, एखाद्या उत्तम बातमीसारखं. माझा कान तेवढा त्याही स्थितीत शाबूत होता.

“चाळीस वर्षं मी बाळंतपणं केली,” त्या म्हणाल्या. “ज्याला बाळ नको असतं त्याचा आवाज मला दाराबाहेरून कळतो. हिला पिल्लू द्यायला माझी ना नाही. तुमच्या घरात मात्र पाठवणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत तिसरा हिच्यासाठी ठेवते, मग यादीतल्या पुढच्याला.” आणि अर्ज माझ्या हातात परत दिला.

बसमध्ये धाकटीने दोघींची तिकिटं काढली आणि मग विचारलं,

“तू फोन केलास?”

“पडताळणी केली.”

“मग काय कळलं?”

“बाई चांगल्या आहेत.”

“आणि ते मला सांगितलं नाहीस.”

उतरण्याआधी ती खिडकीकडे बघत म्हणाली, “मी एक खोली बघते, ताई. प्रयोगशाळेजवळ. एकीला आणि एका कुत्र्याला पुरेल एवढी.” रागावून नाही म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते.

४ मार्च, मंगळवार

धाकटी भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती वाचते आहे. आमच्याच वर्तमानपत्रात. दोन ठिकाणी लाल खूण केली. मी म्हटलं, त्या पानावर मुद्रणदोष फार असतात. ती म्हणाली, “पत्ता बरोबर असला म्हणजे झालं.”

अकरा वर्षांचे रविवार एका जनावरापायी मोडीत काढायचे! जन्मून आठ आठवडे न झालेल्या, धड भुंकता न येणाऱ्या जनावरापायी. कुलगुरूंना आकडा हवा आहे ना? देते. गेल्या वर्षाची वहीच काढते आणि आम्ही एकत्र घालवलेले रविवार मोजून त्यांच्या हातात ठेवते.

५ मार्च, बुधवार

मोजले.

गेल्या वर्षी रविवार बावन्न. ‘दौऱ्यावर’, ‘बैठकीला’, ‘निवडणुकीच्या कामी’, ‘परतीच्या गाडीत’ अशा नोंदी असलेले सदतीस. उरले पंधरा. त्या पंधराही दिवसांची पानं कोरी आहेत. साहजिकच, काही घडलं तरच मी लिहिते. गच्चीतल्या खुर्च्या, मंत्र्यांचे दात, यातलं एक अक्षर वहीत नाही. मी घरी होते याला माझ्याकडे पुरावा नाही.

पुरावा शोधायला स्वयंपाकघरात गेले. गेल्या वर्षीचं कॅलेंडर त्याच खिळ्याला, नव्याच्या मागे आहे. पंधरा रविवारांभोवती पेन्सिलीचे गोल. इतर वारांनाही आहेत: मी पुराच्या बातमीवरून लवकर परतले तो गुरुवार, मला ताप आला ते तीन दिवस. मी नव्हते त्या एकाही तारखेला गोल नाही.

दूध तर रोज येतं. इतकी साधी पडताळणी मी अकरा वर्षांत केली नाही.

वडिलांनी लहानपणी आमच्याकडून षड्रिपू पाठ करून घेतले होते. मी पहिले पाच धडाधड म्हणायचे आणि सहाव्याशी अडायचे. धाकटी पाठीमागून तो हळूच सांगायची.

९ मार्च, रविवार

आज दौरा होता. छायाचित्रकाराला सांगितलं, तूच जा, जे दिसेल ते मला सांग, मी लिहीन. “बाई, बऱ्या आहात ना?” त्याने विचारलं.

धाकटी एक खोली बघायला गेली होती. मी एकटीच कुलगुरूंकडे गेले, खाली बसले आणि नवा अर्ज दिला. त्यांनी चश्मा लावून वाचला. मजकूर असा:

तुम्हाला कुत्रं का हवं आहे? मला नको आहे.

घरी किती असता? गेल्या वर्षी बावन्नांपैकी पंधरा रविवार.

आणखी काही सांगायचं आहे? मला मत्सर वाटतो. आधी तुमचा वाटत होता, आता पिल्लाचाही वाटतो. बहिणीला ते मिळावं, आणि ते आमच्याच घरात यावं, अशी माझी इच्छा आहे. घरी कुणीतरी असावं असं तिला पूर्वीपासून वाटतं. ते मी वाचायचं राहून गेलं.

“पंधरा,” कुलगुरू म्हणाल्या. “आणि पहिल्यांदाच कुणीतरी ‘नको’ लिहून आणलंय. बाकीचे सगळे प्राणिप्रेम लिहितात.” बराच वेळ त्या कागदाची घडी घालत होत्या. मग पिल्लांच्या आईला माझ्या पुढ्यात बसवून एक कंगवा माझ्या हातात दिला. “मुळापासून विंचरायचं. वरवर विंचरलं की आत गाठी राहतात. चार रविवार. एकही चुकला तर पिल्लू नाही.”

“चार तर बहिणीने केले की.”

“ते तिचे. तिसरा बारा आठवड्यांचा सहा एप्रिलला होतो. आजचा धरून पाचवा रविवार. आजचा मोजणार नाही, आज तुम्हाला कंगवा धरता येत नाही.”

घरी आल्यावर धाकटीला सांगितलं. तिने माझ्या बाहीवरचा कुरळा केस चिमटीत धरून उचलला, उजेडात पाहिला.

“चार रविवार? तू?”

“का? मी माणूस नाही?”

“नाही जमायचं तुला,” ती म्हणाली. पण चपला काढता काढता हेही म्हणाली, “त्या खोलीला ओल आहे. मी त्यांना थांबायला सांगितलंय.”

२३ मार्च, रविवार

दुसरा. कुलगुरू माझ्याहून धाकटीशी जास्त बोलतात. ‘उजव्या कानामागे गाठ राहिली’ एवढंच मला सांगतात. गाठ खरंच राहिली होती. मत्सर आहे तसाच आहे. फक्त आता तो कंगवा हातात घेऊन त्याच खोलीत बसतो.

संपादकांनी विचारलं, रविवारी तुम्हाला काय झालंय? मी म्हटलं, केशरचना शिकते आहे. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

६ एप्रिल, रविवार

तिसरा आला. टोपलीत, आईच्या अंगाचा वास असलेल्या फडक्यात. कुलगुरूंनी कागद दिले, दिवसातून चारदा काय खायला घालायचं ते लिहून दिलं, आणि कधीही, कुठल्याही कारणाने नको झाला तर तो त्यांच्याकडेच परत येईल असं माझ्याकडून वदवून घेतलं. निघताना धाकटीला जवळ घेतलं. मला म्हणाल्या, “आकडा कळवत जा.”

संध्याकाळपर्यंत त्याने धाकटीच्या दोन्ही चपला चावल्या. माझ्या चपला शेजारीच होत्या, त्यांना शिवलासुद्धा नाही. मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवते.

१३ एप्रिल, रविवार

दौऱ्यावर. महिन्यात एकच, असं संपादकांशी ठरलं आहे, तो हा. धाकटीला फोन केला. मागून भुंकण्याचा आवाज. भुंकणं अजून धड जमत नाही, प्रयत्न दिसतो.

“ताई, वाईट बातमी. तुझी डावी चप्पल गेली.”

“खरं सांग.”

“टाचेपर्यंत. तू निघालीस तेव्हापासून तिच्यावरच बसलाय.”

विश्रामगृहाच्या नोकराने विचारलं, घरी सगळं क्षेम ना? मी म्हटलं, उत्तम. परतीचं तिकीट बदलून सकाळच्या गाडीचं केलं.

२० एप्रिल, रविवार

घरी. सकाळी चहाआधी कॅलेंडरपाशी गेले आणि आजचा गोल मीच काढला. धाकटीने तो खोडून पुन्हा स्वतः काढला. म्हणाली, “तुझा वाकडा येतो.”

गच्चीत दोन खुर्च्या. एकीवर तिसरा बसला, म्हणून आम्ही दोघी जमिनीवर. मी त्याचा डावा कान विंचरला, तिने उजवा. बाहेरगावची वर्तमानपत्रं वाचली. एका मंत्र्याचे वरचे चार दात खोटे आहेत, असं तिचं मत पडलं.

काही घडलं नाही.